एका फटक्यात का मरतोय? अ‍ॅक्शन आरपीजी नव्यानं खेळणाऱ्यांसाठी

गेल्या श्रावणात निपाणीहून माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, लेवल चाळीस झालोय, पण आता एका फटक्यात मरालोय की. तलवार तर मोठी हाय. मग का मरालोय?"

त्याला समजावून सांगण्यात पाऊण तास गेला आणि तरी निम्मं राहिलं. ते राहिलेलं आणि सांगितलेलं असं सगळं मिळून हा लेख आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात घरोघरी एखादा जुना लॅपटॉप असतो, आणि पोरं अ‍ॅक्शन आरपीजी या कॉम्प्युटरवरच्या खेळांकडे वळू लागली आहेत. पण पहिल्या आठवड्यात कुणी नीट दाखवलं नाही तर बरेचजण कंटाळून सोडून देतात. त्यांचं नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. त्यात तुम्ही एक पात्र घेता आणि ते वाढवता. त्याची ताकद, विद्या, शस्त्रं, कपडे, सगळं आकड्यांत असतं. जुन्या आरपीजीत लढाई आळीपाळीनं चालायची, एक डाव तुमचा, एक शत्रूचा. अ‍ॅक्शन आरपीजीत आकडे तेच राहतात, पण लढाई मात्र तुमच्या हातानं आणि त्याच क्षणी होते. 'डायब्लो' हा १९९६-९७ च्या सुमारास आलेला खेळसुद्धा सुरुवातीला आळीपाळीचाच होता. तो बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेविक यांनी स्वतः सांगितलंय की थेट लढाई करून बघा असा आग्रह झाला तेव्हा त्यांना तो पटला नव्हता. मग त्यांनी तसा बदल करून पाहिला, पडद्यावरच्या एका सांगाड्यावर क्लिक केलं, पात्र चालत गेलं आणि एका घावात सांगाडा कोसळला. तिथंच सगळं ठरलं. आज या प्रकारात जे काही खेळतो, त्यातलं बरंचसं त्या क्लिकमधून आलेलं आहे.

मी वडगावात वाढलो. वडिलांचे दोन माग होते. मागावर साडी विणताना ताणा, म्हणजे उभे धागे, आधी भरून घ्यावा लागतो, त्याला वेळ लागतो, डोकं लागतं. मग माग सुरू झाला की बाणा, म्हणजे आडवा धागा, सटासट धावतो आणि ताण्यात केलेली चूक कापडावर लगेच दिसते. अ‍ॅक्शन आरपीजीची गोडी नेमकी ही आहे. मेनू उघडून शांतपणे एक निर्णय घ्यायचा आणि पुढच्या दहा मिनिटांत तो बरोबर की चूक हे हाताला कळायचं. गोष्ट, चित्रं, संगीत हे सगळं हवंच. पण पंचवीस वर्षं माणूस टिकतो तो या जोडणीमुळं. पुढच्या सगळ्या पायऱ्या ती जोडणी तुम्हाला लवकर जाणवावी म्हणून आहेत.

पहिली पायरी: खेळ आणि यंत्र यांची जोडी लावा

नवीन माणूस सगळ्यात गाजलेला खेळ उचलतो आणि तो लॅपटॉपवर चालतच नाही. 'एल्डन रिंग'ला कमीत कमी १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा लागते. तुमच्याकडे तेवढं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. या प्रकारातले काही फार चांगले खेळ जुन्या यंत्रावर मजेत चालतात. 'टॉर्चलाईट २' (२०१२), 'टायटन क्वेस्ट' (२००६), 'ग्रिम डॉन' (२०१६) ही माझी तीन नावं. टायटन क्वेस्ट मोबाईलवरही मिळतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. जुलैत पाऊस लागला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत तर नेटही त्याच्याबरोबर जातं. वर नाव घेतलेले तिन्ही खेळ नेट नसताना चालतात. 'डायब्लो ३' आणि 'पाथ ऑफ एक्झाईल' कॉम्प्युटरवर एकट्यानं खेळायचे असले तरी सतत नेट लागतं. भर लढाईत लाईट गेली तर पात्र तिथंच उभं राहून मार खातं. म्हणून पावसाळ्यात सुरुवात करणाऱ्याला मी ऑफलाईन खेळच सुचवतो.

विकत घेताना घाई नको. स्टीम या खेळांच्या ऑनलाईन दुकानात रुपयांत किंमत दिसते आणि वर्षातून अनेकदा मोठी सूट लागते. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. पाथ ऑफ एक्झाईल तर मूळचाच फुकट आहे, न्यूझीलंडमधल्या ग्राइंडिंग गिअर गेम्सनं २०१३ मध्ये काढलेला. भाचा तोच खेळतो. चोरून उतरवलेल्या खेळाच्या वाटेला जाऊ नका. त्यातून व्हायरस येतात, आणि शंभर तास वाढवलेलं पात्र एका दिवसात गेलं की पुन्हा खेळायची इच्छाच मरते.

दुसरी पायरी: पहिले दोन तास कुणाचं काही बघू नका

यूट्यूबवर 'सगळ्यात ताकदवान बिल्ड' (म्हणजे पात्राची रचना) म्हणून हजार व्हिडिओ आहेत. पहिल्या पात्रासाठी ते बघू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुसऱ्यानं ताणा भरून दिलेल्या मागावर बसलात तर कापड निघेल, पण धागा कुठं तुटला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पात्र निवडताना नाव आणि चित्र बघून जो आवडेल तो घ्या. अवघडपणा साधा ठेवा. मग तीन बटणं पक्की करा. एक मुख्य वार, एक निसटायची चाल, आणि एक असं काहीतरी जे थोडा वेळ ताकद वाढवतं किंवा शत्रूला हळू करतं. बाकीच्या विद्या खेळ देत राहील, पण दोन तास या तिघांवरच हात बसवा. लेवल वाढली की मिळणारे पॉइंट दहा विद्यांमध्ये एकेक करून वाटणारा नवखा पंधराव्या लेवलला हमखास अडकतो.

आणि एक वही घ्या. खरी, कागदाची. मेलात की एक ओळ लिहायची: कुठं मेलो, कशानं मेलो. आग, विष, मोठा फटका, गर्दीत कोंडलो, औषध संपलं, जे असेल ते. 'बॅड लक' असं लिहायचं नाही. आठ-दहा ओळी झाल्या की तुमच्या पात्राचं दुखणं त्या वहीत स्पष्ट दिसतं. मी कोऱ्या वहीशिवाय एकही नवा खेळ सुरू करत नाही.

तेवढ्या वेळात कान उघडे ठेवा. वडील घरात जेवत असायचे आणि बाहेर मागाची लय जराशी बदलली की घास हातात ठेवून उठायचे. धागा तुटलेला असायचा. या खेळांतही तसं होतं. डायब्लो २ मध्ये अंगठी जमिनीवर पडते तेव्हा एक बारीक 'टिंग' वाजतं. पडद्यावर चाळीस राक्षस, धूर, आग, काही दिसत नसतं, पण तो आवाज ऐकू येतो आणि माझ्या पिढीच्या खेळाडूचा हात आपोआप थांबतो. घाव बसल्यावरचा आवाज, शत्रूचं किंचित मागं सरकणं, निमिषभर चित्र थबकणं, हे सगळं बनवणाऱ्यांनी फार मेहनतीनं बसवलेलं असतं. घाव हाताला लागतो की नाही, हे पहिल्या तासाभरात कळतं. लागत नसेल तर खेळ बदला. तुमच्यात खोट नाही.

तिसरी पायरी: वस्तू वाचायला शिका

शत्रू मेला की वस्तू पडतात. त्याला लूट म्हणतात. डायब्लो २ नं लावून दिलेली रंगांची पद्धत थोड्याफार फरकानं सगळीकडे दिसते: पांढरी साधी, निळी जादूची, पिवळी दुर्मिळ, सोनेरी एकमेव नावाची, हिरवी संचातली. नवा माणूस रंगाला भुलतो. तिसाव्या लेवलची सोनेरी तलवार साठाव्या लेवलच्या पिवळीपुढं बहुतेक वेळा टिकत नाही.

आमच्या आजोळी पश्चिम भागात रताळी होतात. काढणीनंतर ढीग पडतो आणि घरातली सगळी माणसं निवडायला बसतात. मोठी वेगळी, मध्यम वेगळी, कीड लागलेली बाजूला. आजी एकेका रताळ्याकडे बघत बसायची नाही, तिचा हात बघायचा. वस्तू निवडणं तसंच जमायला हवं. सुरुवातीला प्रत्येक वस्तूवर फक्त तीन प्रश्न विचारा. माझ्या मुख्य वाराला मदत करते का? जीव वाढवते का? वहीत ज्यानं मेलो लिहिलंय त्यापासून वाचवते का? तिन्हीला 'नाही' असेल तर उचलूच नका. पिशवी भरून गावात पळत जायचं आणि चार नाण्यांना विकून यायचं, यात नवख्यांची संध्याकाळ जाते.

पुढं पुढं हा ढीग इतका वाढतो की चाळण लावावी लागते. ग्रिम डॉन आणि 'लास्ट इपॉक'मध्ये ती खेळातच आहे, पाथ ऑफ एक्झाईलमध्ये फाईल टाकून लावता येते. नको त्या वस्तूंची नावं दिसेनाशी होतात. पण पहिल्या वीस लेवल चाळण लावू नका. हाताला सवय झाल्याशिवाय चाळणीचं मोल कळत नाही.

चौथी पायरी: आधी ढाल

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

या खेळांत आग, थंडी, वीज, विष असे माराचे प्रकार असतात आणि प्रत्येकाविरुद्ध रेझिस्टन्स, म्हणजे मार अडवायची ताकद, असतो, टक्क्यांत. समजा शत्रूनं १००० चा आगीचा फटका मारला. रेझिस्टन्स शून्य असेल तर पुरे १००० लागतात. ५० असेल तर ५००. ७५ असेल तर २५०. म्हणजे ५० वरून ७५ वर गेलात तर मार निम्मा झाला. डायब्लो २ आणि पाथ ऑफ एक्झाईल दोन्हीकडे नेहमीची कमाल मर्यादा ७५ आहे, ग्रिम डॉनमध्ये ८०. वरच्या टोकाला एकेक टक्का किती महाग असतो बघा: ७५ चे ८० झाले की २५० चे २०० होतात, पाच टक्क्यांत मार एक पंचमांशानं घटला. जुने खेळाडू या पाच टक्क्यांसाठी महिना घालवतात.

खरी गंमत पुढं आहे. पाथ ऑफ एक्झाईलमध्ये पाचवा अंक (म्हणजे गोष्टीचा टप्पा) संपवलात की खेळ सगळ्या आगी-थंडी-विजेच्या रेझिस्टन्समधून ३० वजा करतो, आणि दहावा अंक संपला की आणखी ३०. डायब्लो २ च्या लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन या पुरवणीतही नाईटमेअर या दुसऱ्या, जास्त अवघड फेरीला ४० आणि हेल या तिसऱ्या फेरीला १०० वजा होतात. भाच्यानं नुकताच पाचवा अंक संपवला होता. त्याला मी पात्राचे सगळे आकडे दाखवणारा तक्ता उघडायला लावला. आगीचा रेझिस्टन्स उणे २०. आधी १० होता, त्यातून ३० गेले. म्हणजे ५०० चा फटका त्याला ६०० चा लागत होता, आणि तेच ७५ असते तर १२५ लागले असते. तलवार कितीही मोठी असो, ६०० आणि १२५ मधली दरी ती भरत नाही.

मग काय करायचं? त्याच्या दोन्ही बोटांत वार वाढवणाऱ्या अंगठ्या होत्या. त्या काढायला लावल्या. दुकानात साधी रुबी अंगठी मिळते, तिच्यात मुळातच २० ते ३० टक्के आगीचा रेझिस्टन्स असतो. नीलमणी थंडीसाठी, पुष्कराज विजेसाठी. पट्टा आणि बूट बदलले. वार थोडा कमी झाला. तासाभरानं पुन्हा फोन: "मामा, त्याच जागी उभा हाय. मरंना झालोय." आवाजातला तो आनंद मी ओळखतो. १५ हजारांचा नवा फोन घेतल्यावर तो येत नाही.

म्हणून साधा क्रम ठेवा. प्रत्येक मोठा टप्पा संपला की तो तक्ता उघडा आणि रेझिस्टन्सचे आकडे वाचा. मग जीव, म्हणजे एकूण लाईफ. मग वार.

पाचवी पायरी: बिल्ड, म्हणजे ताणा आणि बाणा

बिल्ड म्हणजे तुमच्या पात्राची सगळी रचना मिळून एक कल्पना. पॉइंट कुठं टाकले तो ताणा, वस्तू कुठल्या घातल्या तो बाणा. एकात लाल आणि दुसऱ्यात हिरवा धागा भरलात तर कापडाचा रंग मळकट होतो. 'मी विषानं मारणार' असं ठरलं की विद्या, अंगठी, हातमोजे, सगळं विषाच्या बाजूनं बोललं पाहिजे.

इथं थोडं गणित समजून घ्या, कारण सगळी मजा त्यात दडलेली आहे. पाथ ऑफ एक्झाईलमध्ये वार वाढवणारे दोन शब्द दिसतात, 'इन्क्रीज्ड' आणि 'मोअर'. पहिले सगळे एकमेकांत मिळवले जातात, दुसरे प्रत्येक वेळी गुणले जातात. मूळ वार १०० धरा. आधीच ३०० टक्के इन्क्रीज्ड असेल तर वार ४००. त्यात आणखी २० टक्के इन्क्रीज्ड घातलं तर होतात ४२०. त्याच जागी २० टक्के मोअर घातलं तर होतात ४८०. आकडा दोन्हीकडे २० च दिसतो. हा फरक ज्या दिवशी कळतो, त्या दिवसापासून माणूस वस्तूंकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

पाथ ऑफ एक्झाईलचं विद्यांचं जाळं तेराशेहून जास्त ठिपक्यांचं आहे, बघून घाबरायला होतं. म्हणून पहिली बिल्ड शिकायला मी ग्रिम डॉन चांगला मानतो. त्यात दुसऱ्या लेवलला एक मास्टरी, म्हणजे विद्यांचा एक गट, निवडता आणि दहाव्याला दुसरी जोडता. मूळ खेळात अशा सहा मास्टरी आहेत, म्हणजे पंधरा जोड्या. सोल्जर आणि शमन जोडले की वॉर्डर होतो: अंगानं दणकट, हातात दोन हाती शस्त्र, वर विजेचा कडकडाट. नव्या माणसाला तो सांभाळून घेतो, मी चारजणांना तोच देऊन सुरुवात करून दिली आहे.

चुका होऊ द्या. आता बहुतेक खेळांत पॉइंट परत घेता येतात. आमच्या वेळी तसं नव्हतं. २००२ च्या सुमारास शहरातल्या एका नेट कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मी डायब्लो २ ची जादूगारीण वाढवत होतो, आणि सगळेच्या सगळे पॉइंट आगीत टाकले. नॉर्मल झालं, नाईटमेअर झालं. हेलमध्ये पोचलो आणि समोर असे राक्षस आले ज्यांना आग लागतच नाही. उलटी वाट नव्हती. त्या खेळात पॉइंट परत घ्यायची सोय २०१० मध्ये, १.१३ च्या पॅचनं, म्हणजे सुधारित आवृत्तीनं, आली. तीन महिन्यांचं पात्र सोडून पुन्हा पहिल्या लेवलपासून सुरू केलं, यावेळी आग आणि थंडी दोन्ही धरून. त्या दुसऱ्या जादूगारिणीनं हेल पार केलं. ती संध्याकाळ आणि कॅफेतल्या मागच्या खुर्च्यांवरून उठून आलेली पोरं मला अजून डोळ्यांपुढं दिसतात.

सहावी पायरी: तांबड्या मातीतले खेळ

आतापर्यंत बोललो ते लुटीच्या घराण्याबद्दल. दुसरं घराणं फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचं, तिथल्या हिदेताका मियाझाकी यांचं: 'डीमन्स सोल्स' (२००९), 'डार्क सोल्स' (२०११), 'एल्डन रिंग' (२०२२). इथं वस्तूंचा पाऊस नाही. इथं एक शत्रू आणि तुम्ही.

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघितली असेल तर हे लगेच कळेल. चांगला पैलवान आधी डाव टाकत नाही. तो समोरच्याच्या पायांकडे बघतो, सलामी झाल्यावर एक-दोन वेळा हात लावून बघतो, समोरचा वजन कुठल्या पायावर टाकतोय ते हेरतो. एल्डन रिंगमधला पहिला मोठा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी वाट अडवणारा बलाढ्य शत्रू, मार्गिट तुम्हाला हेच शिकवतो. तो काठी उचलतो आणि उचलून धरतो. नवा माणूस काठी उचललेली दिसली की लोळण घेतो, लोळण संपते आणि मग काठी येते, नेमकी डोक्यात. उपाय सोपा वाटेल पण हाताला अवघड आहे: काठी वर जाताना काहीच करू नका. ती खाली यायला लागली की लोळा, आणि शक्यतो मागं नाही, त्याच्या अंगाकडे. लोळण घेताना काही क्षण तुम्हाला मार लागत नाही, सगळा खेळ त्या क्षणांवर आहे.

पहिले पाच प्रयत्न फक्त बघण्यासाठी खर्च करा. एकही वार करू नका. त्याचे चार-पाच डाव मोजा आणि वहीत लिहा. सहाव्या वेळेपासून एका डावानंतर एकच वार. दुसऱ्या वाराचा मोह होतो आणि तिथंच माणूस मरतो.

तीन व्यवहाराच्या गोष्टी. अंगावरचं वजन एकूण क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा, त्यापुढं लोळण जड होते. सुरुवातीचे पॉइंट व्हिगरमध्ये टाका, म्हणजे जीवात. आणि बाहेर पडताच दिसणारा सोनेरी घोडेस्वार, ट्री सेंटिनल, त्याच्याशी लढलंच पाहिजे असं नाही. त्याला वळसा घाला, दहा लेवलनं परत या. या खेळात सोपं-अवघड निवडायचं बटण नाही. वाट बदलणं हेच ते बटण.

आणखी एक, घरच्या माणसांसाठी. हे खेळ लढाईच्या मध्ये थांबवता येत नाहीत. आई जेवायला हाक मारणार असेल तर बॉसच्या दाराशी जाऊ नका. जेवून या, मग जा.

गोष्ट हवी असणाऱ्यांना तिसरी वाट आहे, 'विचर ३' (२०१५). लढाई त्यात मधली आहे, पण खेड्यापाड्यातल्या माणसांची दुःखं ज्या जिव्हाळ्यानं त्यात येतात तशी फार थोड्या खेळांत येतात.

सातवी पायरी: सोबत खेळा, पण स्वतःचं स्वतः मिळवा

टॉर्चलाईट २ आणि ग्रिम डॉन एकाच वायफायवर दोन लॅपटॉप जोडून खेळता येतात. माझा बैलहोंगलचा मित्र कन्नड बोलतो, मी मराठी, आणि लढाईत दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी होतं. "हिंदे बा!" असं तो ओरडला की मी मागं सरतो, "उजवीकडं धर!" म्हटलं की तो वळतो. वस्तूंची नावं इंग्रजी, आकडे मराठी, शिव्या कन्नड. अकरा वर्षं झाली, आमच्यात लुटीवरून एकदाही वाकडं आलेलं नाही, कारण नियम पहिल्या दिवशीच ठरला: ज्याच्या बिल्डला लागते त्याची वस्तू.

फक्त एक पथ्य पाळा. अनुभवी मित्रानं तुम्हाला ओढत पुढं नेऊ नये आणि आयती शस्त्रं देऊ नयेत. याचा मोठा दाखला आहे. डायब्लो ३ (२०१२) मध्ये खऱ्या पैशांत वस्तू विकत घ्यायचा लिलाव बाजार होता. लोक शत्रू मारण्याऐवजी बाजारात जाऊन तलवार घेऊ लागले, आणि तलवार पडण्याची हुरहुरच गेली. शेवटी बनवणाऱ्यांनीच मान्य केलं की त्यानं खेळाचा गाभा पोखरला, आणि मार्च २०१४ मध्ये तो बाजार बंद केला. त्याउलट डायब्लो २ मध्ये सोन्याला किंमत उरली नाही तेव्हा खेळाडूंनी आपसांत 'स्टोन ऑफ जॉर्डन' ही अंगठी चलनासारखी वापरायला घेतली. देवाणघेवाण वाईट नाही. शोधण्याचा आनंद त्यात विकला जाऊ नये एवढंच.

मोबाईलवरच्या फुकट खेळांत याच कारणासाठी जपा. 'गेन्शिन इम्पॅक्ट' सुंदर आहे, पण त्यात नवी पात्रं सोडतीसारखी निघतात आणि खेळून मिळतात त्यापेक्षा जास्त सोडती हव्या असतील तर पैसे लागतात. यूपीआय जोडायच्या आधी महिन्याचा आकडा ठरवा. शाळकरी मुलांच्या फोनवर जोडूच नका.

आठवी पायरी: पुन्हा पहिल्या लेवलपासून

पाथ ऑफ एक्झाईलमध्ये दर काही महिन्यांनी नवा लीग येतो, डायब्लोत सीझन येतात. प्रत्येक वेळी सगळे शून्यापासून सुरू करतात, रिकाम्या हातानं. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटतं. पण दिवाळीत आपल्याकडे पोरं मातीचे किल्ले करतात ते आठवा. गेल्या वर्षीचा राजहंसगड कितीही देखणा झाला असला तरी यंदा माती नवी, चिखल नवा, तटबंदी नवी. गेल्या वर्षी बुरूज कुठं ढासळला होता ते हाताला ठाऊक असतं, म्हणून यंदाचा उभा राहतो. दुसरं पात्र पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात वाढतं, आणि तेव्हाच हा प्रकार खऱ्या अर्थानं आवडायला लागतो. म्हणून पहिलं पात्र शेवटापर्यंत न्यायचा हट्ट धरू नका. अडकलात, कंटाळलात, तर वहीतली पानं वाचा आणि नवं सुरू करा. महिनाभर खेळलाच नाहीत तरी काही बिघडत नाही, लीग पुन्हा येतो.

परवा भाच्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एकोणीस ओळी आहेत. पहिल्या सहांत चार वेळा 'आग' लिहिलंय, मग 'विष', मग 'कोंडलो', 'कोंडलो', 'औषध संपलं'. अकराव्या ओळीनंतर 'आग' हा शब्द नाही. आणि समासात पेन्सिलीनं, मी न सांगता, लिहिलंय: "दहावा अंक. आणखी ३० जाणार. बूट आत्ताच बघून ठेवायचे."